गंगेवर जगणारे शहर आणि नवे तंत्र : वाराणसीच्या निमित्ताने काही मुद्दे

ज्या समाजाचे पोट निसर्गाच्या देण्यावर चालते, त्यानेच ते देणे राखणारे तंत्र सर्वांत आधी शोधायला हवे, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी उलटे घडले आहे. पवनचक्क्यांत जगाच्या पुढे गेला तो डेन्मार्क. 1973 च्या तेलसंकटाच्या वेळी त्याची नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. भाव भडकले, आणि शेतीची अवजारे बनवणारी व्हेस्टाससारखी कंपनी पवनचक्कीकडे वळली. आपल्याकडे जळगावच्या केळीच्या बागांनी ठिबक स्वीकारले, कारण तिथे विहिरी तळाला जात होत्या. कालव्याचे पाणी भरपूर मिळणाऱ्या उसाच्या पट्ट्यात मात्र पाटाने पाणी सोडण्याची सवय अजून सुटलेली नाही.

वाराणसी हे या प्रश्नाचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. नावाडी, कोळी, डोम, पंडे, फुलवाले, धोबी, विणकर, यात्रेकरूंवर चालणारी हजारो घरे, आणि शहराचे पिण्याचे पाणी, इतके सगळे एका नदीवर. तरीही ती नदी राखण्याचे तंत्र या शहरात फार उशिरा आले. जे आले तेही बहुधा वरून, दिल्ली-लखनौहून. माझे म्हणणे असे आहे की नुसत्या अवलंबनातून शोधबुद्धी जागी होत नाही. वापराला कोणीतरी हद्द घालून द्यावी लागते, आणि त्या साधनावर जगणाऱ्या माणसाला नव्या तंत्रात वाटा द्यावा लागतो. हे दोन्ही नसेल तर नवे तंत्र येते, उद्घाटन होते, आणि नदी होती तिथेच राहते.

मराठी वाचकाने यात का पडावे, असे कोणी विचारेल. मणिकर्णिका घाटाच्या बांधकामाला आणि 1780 च्या विश्वनाथ मंदिराला अहिल्याबाईंचे पैसे आहेत. शिंदे घाट, भोसले घाट ही नावे आजही तिथल्या नावाड्यांच्या तोंडी आहेत. काशीला जाऊन तांब्यात गंगा आणणारी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. ज्या नदीचे पाणी आपण देवघरात ठेवतो, तिच्याबद्दल विचारण्याचा हक्क आपल्याला आहे आणि विचारणे हे कर्तव्यही आहे.

मुद्दा 1. वाहून नेणारी नदी ही शहराची सर्वांत स्वस्त गटार ठरली

1820 च्या दशकात जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीचा अधिकारी बनारसमध्ये होता. शहराच्या मध्यभागी साचणारी तळी आणि दलदल कोरडी करण्यासाठी त्याने जमिनीखालून बोगदा काढून ते पाणी नदीकडे सोडले. त्या काळाच्या मानाने काम उत्तम होते. पण त्यातून एक सवय घट्ट झाली : शहराला जे नको ते गंगेत सोडायचे. 1892 मध्ये नळाचे पाणी आले. भदैनीला नदीतून पाणी उचलायचे, भेलूपूरला गाळायचे आणि घरोघर द्यायचे, अशी व्यवस्था झाली. घरात पाणी वाढले की घरातून बाहेर जाणारे पाणीही वाढते, आणि त्याचीही वाट अखेर नदीच होती.

इथे कोणी वाईट माणूस नव्हता. नदी मोठी होती, पावसाळ्यात तिचे पात्र समुद्रासारखे दिसायचे, आणि ती सगळे पोटात घेत होती. मैलापाणी शुद्ध करण्याला खर्च येतो, नदीत सोडण्याला काहीच येत नाही. ज्या पालिकेला तो खर्च कधी भरावाच लागला नाही, तिने स्वस्त आणि चांगली पद्धत शोधण्याचे कारणच उरले नाही. खनिज तेल फुकटासारखे मिळणाऱ्या देशात जे घडते, तेच इथे वाहत्या पाण्याच्या बाबतीत घडले. फरक इतकाच की तेल संपल्यावर कळते. नदी मरते तेव्हा पाणी दिसतच राहते.

मुद्दा 2. एक अवलंबन सोडवताना दुसरे गळ्यात पडले

14 जून 1986 रोजी राजीव गांधींनी वाराणसीतच गंगा कृती योजनेची सुरुवात केली. देशातल्या नदीशुद्धीचा तो पहिला मोठा सरकारी कार्यक्रम होता आणि त्यामागची तळमळ खरी होती. पण जे तंत्र निवडले ते पाश्चात्त्य शहरांतून उचललेले होते. घाटांकडे उतरत येणारे मैलापाणी पंपांनी पुन्हा वर चढवायचे, लांबवर दीनापूरला न्यायचे, तिथे हवा भरून जिवाणूंकडून ते खाऊन घ्यायचे आणि उरलेले सोडून द्यायचे. पंपाला वीज लागते, हवा भरायलाही वीज लागते, आणि दोन्हींना ती चोवीस तास लागते.

ती वीज त्या काळच्या पूर्व उत्तर प्रदेशात नव्हती. वीज गेली की काय होते ते घाटाच्या पंपिंग स्टेशनजवळ उभे राहिल्यावर समजते. खालच्या विहिरीत मैलापाणी चढू लागते. ठरावीक पातळीच्या वर गेले की ते शहरात उलटे फिरेल, म्हणून आडमार्गाचे दार उघडावे लागते. काठाकाठाने काळपट पट्टा नदीत शिरतो आणि पायऱ्यांना धरून खाली सरकत जातो. पाच-पन्नास पावलांवर लोक कंबरभर पाण्यात उभे राहून अर्घ्य देत असतात. पावसाळ्यात पूर आला की पंपघरेच बंद ठेवावी लागत, मग हा पट्टा कित्येक आठवडे चालू राहायचा.

आणि ही वीज कुठली? उत्तर प्रदेशची वीज मुख्यतः कोळशाची. वाराणसीच्या दक्षिणेला सोनभद्र जिल्हा आणि त्याला लागून सिंगरौलीचा कोळसापट्टा. रिहंद धरणाच्या जलाशयाभोवती एनटीपीसीचे, 1982 पासून, आणि इतरांचेही औष्णिक प्रकल्प उभे राहिले. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, तिच्यात सिंगरौली होती. म्हणजे गंगा स्वच्छ करणाऱ्या पंपांसाठी कोळसा जाळायचा, आणि त्याची राख रिहंदच्या काठच्या गावांनी सोसायची. याला पर्यावरणपूरक तंत्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नंतर सुधारणा झाल्या, हे सांगितलेच पाहिजे. 2014 मध्ये केंद्राची नमामि गंगे योजना आली. दीनापूरला 140 दशलक्ष लिटर रोजच्या क्षमतेचा नवा प्रकल्प 2018 मध्ये सुरू झाला, गोइठहाला 120 दशलक्ष लिटरचा झाला, रमनाला 2021 मध्ये 50 दशलक्ष लिटरचा झाला. रमनाच्या कंत्राटातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. ठेकेदाराला बांधकामाच्या काळात खर्चाचे 40 टक्केच मिळतात. उरलेले 60 टक्के पुढची 15 वर्षे प्रकल्प नीट चालला तर हप्त्याने मिळतात. बांधून मोकळे होण्याची सोयच यात ठेवलेली नाही. नवे शोधायचे ते यंत्रच असले पाहिजे असे नाही. कधी ते कंत्राटाच्या एका कलमातही असते, आणि हे कलम मला दहा नव्या यंत्रांइतके मोलाचे वाटते.

मुद्दा 3. शहराने स्वतः शोधलेले तंत्र शहराला वापरू दिले नाही

या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत जास्त लागते ती ही गोष्ट, म्हणून इथे थोडा थांबतो.

वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत. तुलसीदासांच्या गादीवर बसलेले. तेच बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. रोज पहाटे तुलसी घाटावर गंगेत स्नान करायचे आणि दिवसा त्याच पाण्याचे गणित शिकवायचे. 1982 मध्ये त्यांनी संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले आणि पुढे घाटावरच पाणी तपासण्याची प्रयोगशाळा उभी केली. नदीवरची श्रद्धा आणि नदीचा हिशेब एकाच माणसापाशी होता. अवलंबनाला हिशेबाची जोड मिळाली की शोध निघतो, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

त्यांचे म्हणणे साधे होते. आंघोळीच्या पाण्यात 100 मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणू 500 च्या आत असावेत, फार तर 2500, असा आपल्याच प्रदूषण मंडळाचा दंडक आहे. दीनापूरच्या जुन्या पद्धतीने पाण्यातला सेंद्रिय भार कमी होतो, पण हे जिवाणू पुरेसे मरत नाहीत. मग घाटावर स्नान करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? त्यावर त्यांनी सुचवलेली योजना अशी : घाटांच्या पायथ्याशी, काठाला समांतर, एक मोठी वाहिनी टाकायची. शहर उंचावर आहे, घाट खाली आहेत, त्यामुळे सगळे नाले आपल्या उताराने तिच्यात पडतील. ती वाहिनीही उताराने, पंपाशिवाय, शहराच्या खालच्या अंगाला सोता नावाच्या वाळूच्या पट्ट्याकडे न्यायची. तिथे तळ्यांची मालिका करायची. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसून कुजतो, त्यातून निघणारा वायू धरता येतो. पुढच्या उथळ तळ्यांत शेवाळ वाढते, ते सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडते, आणि ऊन व वेळ मिळून जिवाणू मरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विल्यम ऑस्वाल्ड यांनी ही तळ्यांची पद्धत विकसित केली होती. मिश्र यांनी ती बनारसच्या उताराशी आणि बनारसच्या उन्हाशी जुळवून घेतली.

या योजनेत काय नव्हते ते पाहा. मोठी विजेची गरज नव्हती, परदेशी यंत्रे नव्हती, चोवीस तास राबणारे पंप नव्हते. ज्याची वाराणसीला कमतरता नाही त्याच दोन गोष्टींवर, उतारावर आणि उन्हावर, ती उभी होती. अवलंबन होतेच, पण ते इथल्या आणि कधी न आटणाऱ्या साधनांवर होते.

नगर निगमाने ती उचलून धरली. सरकारदरबारी मात्र ती वर्षानुवर्षे अडली. 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मिश्र यांना ग्लोबल 500 सन्मान दिला, 1999 मध्ये टाइम मासिकाने त्यांची गणना पृथ्वीच्या रक्षकांत केली. 2009 मध्ये राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरण झाले तेव्हा त्यांना तज्ज्ञ म्हणून घेतले. तळी मात्र झाली नाहीत. 13 मार्च 2013 ला ते गेले. त्यांचे चिरंजीव, तेही आयआयटीत प्राध्यापक, आज महंत आहेत आणि काम चालू आहे.

या योजनेवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. तळ्यांना जागा फार लागते. वाळूच्या पट्ट्यावर पूर येतो. घाटाच्या पायथ्याशी खोदकाम करताना जुन्या बांधकामाला धोका असतो. हे आक्षेप पोकळ नाहीत. पण त्यांची परीक्षा करण्याची रीत म्हणजे एका नाल्यावर, छोट्या प्रमाणात, योजना करून पाहणे. पंपांचा प्रयोग सबंध शहरावर तीन दशके करून पाहिला, शेकडो कोटी घातले. तळ्यांना एका नाल्याइतकी तरी संधी वेळेवर द्यायला हवी होती. ती दिली नाही, हा अन्याय झाला असे माझे स्पष्ट मत आहे.

मुद्दा 4. कासवे

गंगा कृती योजनेतच एक निराळी कल्पना होती. अर्धवट जळलेली प्रेते नदीत सोडली जात, ती खाऊन टाकणारी कासवे वाढवायची. सारनाथला अंडी उबवण्याचे केंद्र झाले. 1989 मध्ये रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा सुमारे 7 किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्याबरोबर त्या पट्ट्यात वाळूउपशाला बंदी आली. पलीकडच्या काठाची वाळू शाबूत राहिली ती या बंदीमुळे.

2020 मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेतला आणि तो नदीच्या वरच्या अंगाला, प्रयागराज-मिर्झापूर-भदोही पट्ट्याला दिला. मधल्या काळात राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 ची वाहतूक, रामनगरचे मालवाहू बंदर हे सगळे आले होते. लगेच पुढच्या वर्षी पलीकडच्या वाळूतून सुमारे 5 किलोमीटरचा कालवा खोदला गेला. नदीचे अभ्यासक असे करू नका म्हणून सांगत होते. पावसाळा आला, पूर आला आणि गंगेने तो कालवा वाळूने भरून टाकला. कोट्यवधी रुपये गेले. जिवंत प्राण्यांच्या भरवशावर उभी असलेली, फारसा खर्च नसलेली एक व्यवस्था मोडून आपण यंत्रांनी नदीशी झटापट केली. त्यात हार कोणाची झाली ते वाराणसीने पाहिले.

मुद्दा 5. नावाड्याच्या इंजिनाचा मालक कोण

वाराणसीची नाव एकेकाळी वल्ह्यांवर चालायची. पुढे तिच्यावर डिझेलचे इंजिन आले. फळ्यांच्या मधोमध बसवलेले, धडधडणारे, पाण्याला टेकलेल्या नळीतून काळा धूर सोडणारे. मागे तेलाचा रंगीत तवंग पसरत जातो. प्रवाशाला आरतीचा आवाज ऐकू येत नाही, आणि नावाड्याला दिवसभरानंतर स्वतःच्या घरचे बोलणे नीट ऐकू येत नाही. त्या धुरात जो माणूस सर्वांत जास्त वेळ असतो तो निषाद समाजाचा नावाडीच.

गेल या सरकारी वायू कंपनीच्या सामाजिक निधीतून या नावांवर सीएनजीची इंजिने बसवण्याचे काम सुरू झाले. खिडकिया घाटावर, आता ज्याला नमो घाट म्हणतात तिथे, पाण्यावर तरंगणारे सीएनजी केंद्र उभे राहिले. 2022 च्या सुरुवातीचा सरकारी आकडा असा की सुमारे 1700 लहान-मोठ्या नावांपैकी 500 वर नवे इंजिन बसले. धूर आणि आवाज दोन्ही घटले, इंधनाचा खर्च कमी झाला. हा बदल मी मनापासून चांगला मानतो. एका गोष्टीमुळे तो टिकेल असेही मला वाटते : नाव नावाड्याचीच राहिली. त्याची पाळी, त्याचा घाट, त्याचे गिऱ्हाईक तेच राहिले, फक्त इंजिन बदलले.

पण वायू हेही खनिज इंधनच आहे, आणि भारत त्यातला जवळपास अर्धा परदेशातून आणतो. आखातात काही बिनसले तर दशाश्वमेधच्या नावाड्याचा दर वाढतो. म्हणजे मधला टप्पा म्हणून सीएनजी ठीक, शेवटचा मुक्काम म्हणून नाही.

शेवटच्या मुक्कामाच्या नावाने एक जहाज आले आहे. कोचीन शिपयार्डने बांधलेले, हायड्रोजनवर चालणारे, 50 प्रवाशांचे. फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला, आणि 2025 च्या डिसेंबरमध्ये वाराणसीत त्याची प्रवासी सेवा सुरू झाली. त्याच्या धुराड्यातून फक्त पाण्याची वाफ निघते. अभियंत्यांचे कौतुक केलेच पाहिजे. पण या जहाजाचा मालक सरकार आहे, चालवणारा प्रशिक्षित कर्मचारी आहे, आणि त्यात नावाड्याला जागा नाही. मोठ्या क्रूझ बोटी आल्या तेव्हा निषादांनी नावा बांधून ठेवून विरोध केला होता. त्यांना नव्याचा राग नाही. नवे तंत्र आपल्या पोटावर येते की आपल्या हातात येते, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. हायड्रोजनच्या एका जहाजाला जेवढे लक्ष दिले, त्याच्या निम्मे जरी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या लाकडी नावेकडे दिले असते, कर्जाची सोय करून दिली असती, घाटावर चार्जिंगची जागा दिली असती, तर चार-पाच वर्षांत अर्धा काठ शांत झाला असता असे मला वाटते.

मुद्दा 6. चितेचे लाकूड

एका चितेला साधारण तीन-चारशे किलो लाकूड लागते. मणिकर्णिकेच्या मागच्या गल्लीत लाकडाच्या वखारी आहेत. माणसापेक्षा उंच ढीग, आणि त्यांच्या मध्ये भलामोठा तराजू. एका पारड्यात ओंडके, दुसऱ्यात लोखंडी वजने. शोकात बुडालेला माणूस त्या तराजूसमोर उभा राहून खिशाचा अंदाज घेत असतो. ज्याच्याकडे कमी पैसे त्याच्या वाट्याला कमी लाकूड. कमी लाकडात प्रेत पुरते जळत नाही, आणि उरलेले नदीत जाते. कासवे ज्यासाठी आणली होती ती अडचण इथून सुरू होते.

हरिश्चंद्र घाटावर गंगा कृती योजनेच्या काळात विद्युतदाहिनी झाली. ती गरिबाला परवडायची, तिथे जाणारेही होते. पण मणिकर्णिकेवरची गर्दी तिच्याकडे वळली नाही. याचे कारण नुसत्या श्रद्धेत शोधू नये. स्मशानाचे काम करणाऱ्या डोमांचा अग्नी, वखारवाल्याचे लाकूड, लाकूड वाहणारा नावाडी, चिता रचणारा, शेवटी राख चाळणारा, इतक्या घरांची चूल या विधीवर पेटते. विद्युतदाहिनीत त्यांतल्या कोणालाच काम उरत नाही. अशा तंत्राला घाटाने आपले म्हणावे, ही अपेक्षाच चूक होती.

दिल्लीतल्या मोक्षदा या संस्थेने 1990 च्या दशकापासून वेगळी वाट धरली आहे. लाकडाचीच चिता, पण धातूच्या जाळीवर उचललेली, वर धुराडे, खालून हवा खेळती. लाकूड निम्म्याच्या आसपास लागते, विधी मोडत नाही, आणि चिता रचणाऱ्याचे कामही जात नाही. मणिकर्णिकेसाठी हाच रस्ता आहे. त्याची बोलणी डोम समाजाच्या घरी जाऊन, त्यांना बरोबरीने बसवून व्हायला हवीत, अधिकाऱ्याच्या कचेरीत बोलावून नव्हे.

मुद्दा 7. हद्द घातली की शोध लागतो

याच शहराच्या एका टोकाला याचा पुरावा उभा आहे. डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वेच्या कारखान्यातून 1964 मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. अर्धशतकभर हा कारखाना डिझेलवर जगला. मग रेल्वेने सगळे ब्रॉडगेज मार्ग विजेवर नेण्याचे ठरवले. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2018 मध्ये त्यावर शिक्का मारला. ज्या इंजिनावर कारखान्याचे नाव होते, त्याच्या मागणीचा शेवट दिसू लागला.

कारखाना बंद पडला नाही. तिथल्या अभियंत्यांनी दोन जुनी डिझेल इंजिने घेऊन त्यांचे विजेवर चालणारे 10,000 अश्वशक्तीचे जोडइंजिन केले. कल्पनेपासून पूर्ण होईपर्यंत 69 दिवस लागले. 19 फेब्रुवारी 2019 ला पंतप्रधानांनी त्याला झेंडा दाखवला. 2020 मध्ये कारखान्याचे नावही बदलून बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स झाले. ऑगस्ट 2025 मध्ये त्यांनी रुळांच्या मधल्या जागेत 70 मीटर लांबीत 28 सौरपट्ट्या बसवल्या, दुरुस्तीच्या वेळी काढून ठेवता येतील अशा.

हे लोक बाहेरून आलेले नव्हते. तेच शहर, तीच हवा. फरक असा की रेल्वेने तारीख दिली आणि कामगारांना सांगितले की तुमचे काम राहील, वस्तू बदलेल. नदीच्या बाबतीत कोणी पालिकेला तारीख दिली नाही. दिली तेव्हा ती पुढे ढकलली, आणि ढकलल्याबद्दल कोणाला काही भोगावे लागले नाही.

मुद्दा 8. पात्रात पाणीच नसेल तर

हा मुद्दा वाराणसीच्या हातात नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हरिद्वारला 1854 पासून गंगेचे पाणी कालव्यात वळते, पुढे बिजनौर, नरोरा इथे आणखी. वाराणसीपर्यंत जे येते त्यात उन्हाळ्यात यमुनेने आणलेल्या पाण्याचाच मोठा हिस्सा असतो. पाणी कमी तर मैला पातळ होत नाही, मग कितीही प्रकल्प बांधा. गंगेत किमान किती पाणी सोडावे हे केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये ठरवले. नरोरा आणि कानपूरच्या बंधाऱ्यांतून पावसाळ्याबाहेर सेकंदाला 24 घनमीटर, असा तो आकडा आहे. तो नियम उन्नावपर्यंतच लागू आहे. वाराणसी उन्नावच्या खालच्या अंगाला, म्हणजे त्या नियमाबाहेर आहे.

तो नियम निघाला त्याच आठवड्यात, 11 ऑक्टोबरला, प्राध्यापक गुरुदास अग्रवाल गेले. आयआयटी कानपूरचे पर्यावरण अभियंता, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव. गंगेला वाहते ठेवा एवढ्याच मागणीसाठी त्यांनी 111 दिवस उपोषण केले. देशाने आपल्या एका उत्तम अभियंत्याला उपाशी मरू दिले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मुद्दा 9. मागायचे काय

वाराणसीच्या नगर निगमाकडे आणि सरकारकडे माझ्या मागण्या अशा. प्रत्येक मोठ्या घाटावर पाण्यातल्या मलजन्य जिवाणूंचा आकडा फलकावर लिहावा, दर आठवड्याला, हिंदीत आणि मोठ्या अक्षरांत. स्नानाला येणाऱ्याला तो आधी वाचता आला पाहिजे. पंपघराचा आडमार्ग जेव्हा-जेव्हा उघडला जाईल तेव्हा त्याची वेळ आणि कारण जाहीर व्हावे. प्रत्येक नव्या प्रकल्पाला तो वापरणारी वीज किती आणि कुठून, हे दाखवणे बंधनकारक करावे, आणि निदान एका नाल्यावर मिश्र यांच्या पद्धतीची तळी करून पाहावीत. नावाड्यांच्या सहकारी संस्थांना विजेवरच्या नावांसाठी स्वस्त कर्ज द्यावे आणि नावेची मालकी त्यांचीच राहील असे करारात लिहावे.

आणि आपल्याकडे? 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे. रामकुंडात लाखो लोक उतरतील. तपोवन आणि आगरटाकळीचे मैलापाणी प्रकल्प वीज गेल्यावर किती तास चालतात, पुरात काय करतात, शुद्ध झालेल्या पाण्यात जिवाणू किती उरतात, हे तीन प्रश्न नाशिककरांनी आजच महापालिकेला लेखी विचारावेत. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. पुण्यात मुठेबद्दल, कोल्हापुरात पंचगंगेबद्दल, नांदेडात गोदावरीबद्दल हेच विचारता येईल. ज्यांच्याकडे उत्तर येईल त्यांनी ते स्थानिक वर्तमानपत्राकडे द्यावे, आणि उत्तर नाही आले तर तेही कळवावे.